साक्ष : फॅनी बर्नी यांच्या एका पत्राविषयी

दुखण्याविषयी बोलणे आपल्या समाजाला नवे नाही. धर्मग्रामात कोणाला काय झाले, कोणाला कोणत्या इस्पितळात ठेवले, कोणासाठी मिस्सा अर्पण केला, हे रविवारी चर्चच्या आवारात बहुतेकांना ठाऊक असते. परंतु स्त्रीच्या स्तनात गाठ आली की हे बोलणे एकाएकी आखडते. ‘बाईला बरे नाही’, ‘छातीचे काहीतरी आहे’, ‘तो आजार’ अशा आडपडद्याच्या शब्दांनी वेळ मारून नेली जाते. रोगाचे नाव कोणी घेत नाही, आणि ज्या अवयवाला तो झाला त्याचे तर मुळीच नाही. जी स्त्री त्यातून वाचते तिच्याकडूनही ती बरी झाली एवढेच ऐकण्याची आपली अपेक्षा असते. तिने काय पाहिले आणि काय सोसले, हे ऐकून घेण्याची तयारी क्वचितच आढळते.

या मौनाला छेद देणारे जे लेखन जागतिक वाङ्मयात आहे, त्याच्या आरंभीच एका पत्राचा मान आहे. फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकर्तीने १८१२ साली पॅरिसहून आपली थोरली बहीण एस्थर हिला ते लिहिले. ३० सप्टेंबर १८११ रोजी बर्नी यांचा उजवा स्तन शस्त्रक्रियेने काढण्यात आला. भूल देण्याची विद्या त्या काळी नव्हती. ईथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे पहिले गाजलेले प्रात्यक्षिक बोस्टनमध्ये झाले ते १८४६ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनंतर. या स्त्रीने सारे जागेपणी सोसले, आणि नंतर ते शब्दांत मांडले. प्रस्तुत लेखात या पत्राचा वाङ्मयीन अंगाने विचार करावयाचा आहे. त्यात वेदनेचे वर्णन आहे म्हणून ते थोर ठरत नाही. वेदनेविषयी खरे कसे बोलावे हा जो प्रश्न प्रत्येक रुग्णापुढे येतो, त्याचे उत्तर या पत्रात एका लेखिकेने आपल्या परीने शोधले आहे, म्हणून त्याचे मोल आहे.

फॅनी बर्नी यांचा जन्म १७५२ साली इंग्लंडातील किंग्ज लिन येथे झाला. वडील चार्ल्स बर्नी हे संगीताचे नामवंत इतिहासकार. १७७८ साली ‘इव्हलिना’ ही कादंबरी लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली आणि तिने लंडन जिंकले. पुढे ‘सेसिलिया’ (१७८२) व ‘कमिला’ (१७९६) या कादंबऱ्या आल्या. मधली काही वर्षे त्यांनी राजदरबारी राणी शार्लटच्या सेवेत काढली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इंग्लंडात आश्रयाला आलेल्या अलेक्झांडर दार्ब्ले या सेनाधिकाऱ्याशी १७९३ साली त्यांचा विवाह झाला. दार्ब्ले कॅथलिक होते, बर्नी अँग्लिकन. म्हणून लग्नविधी दोनदा झाला, एकदा गावच्या अँग्लिकन चर्चमध्ये आणि पुन्हा लंडनच्या सार्डिनियन चॅपेलमध्ये कॅथलिक पद्धतीने. पती कॅथलिक, निर्वासित आणि निष्कांचन. वडिलांना हे लग्न रुचले नव्हते. तरी हा संसार सुखाचा झाला. १८०२ साली हे कुटुंब फ्रान्सला गेले, इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटले, आणि बर्नी दहा वर्षे तिकडेच अडकून पडल्या. पत्राची ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावयास हवी. शत्रुराष्ट्राच्या राजधानीत, माहेरच्या एकाही माणसाच्या सोबतीविना, एकोणसाठ वर्षांच्या वयात त्या या प्रसंगाला सामोऱ्या गेल्या.

पत्र का लिहिले याचे कारण त्या आरंभीच देतात. माहेरच्यांना दुःख होऊ नये म्हणून गप्प राहावे असे त्यांना वाटत होते. परंतु बातमी दडून राहिली नाही. दक्षिणेस सेव्हिलपर्यंत आणि पूर्वेस कॉन्स्टँटिनोपलपर्यंत ती पोचली. मग घरच्यांनी ती परक्याच्या तोंडून ऐकली, तर आपण पूर्ण बऱ्या झालो आहोत यावर त्यांचा विश्वास कसा बसावा? तो विश्वास केवळ आपल्याच हस्ताक्षराने बसू शकेल, असा हा विचार आहे. आजारी माणसाविषयी दहा तोंडे दहा गोष्टी सांगतात. त्या गोष्टींतून आपली गोष्ट परत मिळवावी, ती आपण सांगावी, ही या पत्रामागील पहिली प्रेरणा होय.

दुसरी प्रेरणा अधिक महत्त्वाची आहे. ऑगस्ट १८१० च्या सुमारास स्तनात थोडे दुखू लागले. दुखणे तीव्र नव्हते, जडपणासारखे होते. म्हणून त्यांनी मनावर घेतले नाही. पतीच्या मात्र ते ध्यानी आले. पत्नीच्या चेहऱ्यावरची प्रत्येक आठी ते टिपत होते. एखाद्या शल्यवैद्याला दाखवावे म्हणून त्यांनी आग्रह धरला. बर्नी यांना ती कल्पनाच असह्य झाली. ऊब आणि काळजी घेतली की आपोआप बरे वाटेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. महिने गेले. जिवलग मैत्रिणीनेही गळ घातली, तरी तपासणीविषयीची नावड त्यांना जिंकता येईना. आणि येथे बर्नी थांबून बहिणीला सांगतात की, माझा हा खोटा भरवसा मी मुद्दाम सांगते आहे. तुला, आपल्या बहिणींना आणि भाच्यांना अशीच काही जाणीव झाली तर हा इशारा म्हणून असू दे.

हे वाक्य पत्राच्या पहिल्याच भागात येते, आणि त्यामुळे पुढील सर्व भयंकर तपशिलांना एक निश्चित प्रयोजन लाभते. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आणण्यासाठी ते तपशील आलेले नाहीत. ‘मी लाजले, मी टाळले, आणि त्याची किंमत ही अशी मोजली’, असे एका घरातील स्त्री दुसऱ्या पिढीच्या स्त्रियांना सांगते आहे. पत्र एस्थरला असले तरी त्याचा खरा रोख भाच्यांकडे आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल.

पुढे वैद्य येतात. द्युब्वा, फ्रान्सच्या सम्राज्ञीचे प्रसूतितज्ज्ञ. मग लारे, नेपोलियनच्या सैन्याचे ख्यातनाम शल्यवैद्य, रणांगणावरील जखमींना तत्परतेने हलविण्यासाठी ज्यांनी वेगवान गाड्यांची योजना केली ते. लारे यांच्या उपचाराने काही काळ उतार पडला. नंतर इंग्लंडहून दुःखाच्या वार्ता आल्या आणि दुखणे बळावले. अखेर सर्व वैद्यांनी शस्त्रक्रियेचा निर्णय दिला. तो सांगताना बर्नी न्यायालयाची भाषा वापरतात, जणू आरोपीला शिक्षा सुनावली जात आहे. परंतु ही उपमा त्या पुढे ताणत नाहीत. लारे यांच्या डोळ्यांत पाणी होते हे त्या नोंदवतात. खूप सोसावे लागेल, असे द्युब्वा यांनी न लपवता सांगितले, हेही नोंदवतात. आणखी एका वैद्याने सांगितले की रडे दाबू नका, मोकळेपणी ओरडा. आवरून धरल्यास अपाय होईल. दुसऱ्याने विचारले, मुलगा झाला तेव्हा तुम्ही ओरडला नव्हता का? प्रसूतीची वेदना आणि ही वेदना यांना एकत्र आणणारा हा प्रश्न एक पुरुष सहज विचारतो, आणि बर्नी त्यावर भाष्य न करता तो तसाच ठेवतात. भाष्य कोठे करू नये हे ज्या लेखकाला कळते, त्याच्या हाती असे प्रसंग आपोआप बोलू लागतात.

शस्त्रक्रियेच्या दिवसाचे वर्णन हा पत्राचा गाभा. वैद्य येण्याची वेळ बर्नी यांना केवळ दोन तास आधी कळविण्यात आली. पतीला त्यांनी काही सांगितले नाही. काहीतरी निमित्त काढून त्यांना कचेरीतच गुंतवून ठेवण्याची व्यवस्था केली. मुलगा शाळेत होता. मग वेळ पुढे ढकलली गेली, आणि या रिकाम्या तासांत त्या घरभर फिरत राहिल्या. दिवाणखान्यात पाहतात तो पट्ट्या, स्पंज आणि जखमेवर ठेवायच्या घड्यांचा ढीग. त्या ढिगाने त्यांना मळमळले. पतीसाठी व मुलासाठी त्यांनी चार ओळी लिहून ठेवल्या. वाट पाहण्याचे हे तास शस्त्रक्रियेइतकेच भीषण आहेत, आणि ज्यांनी आपल्या माणसासाठी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून वेळ काढली आहे त्यांना त्यांचे सत्य पटेल.

मग काळ्या पोशाखातले सात पुरुष न विचारता खोलीत शिरतात. या क्षणी बर्नी यांच्या मनात भीतीच्या आधी संताप येतो. इतके जण कशाला? आणि माझ्या परवानगीवाचून? हा संताप अत्यंत खरा आहे. खाट खोलीच्या मध्यभागी आणविली जाते, तिच्यावर दोन जुन्या गाद्या आणि एक जुनी चादर पसरतात. जुनीच का, हे सांगावे लागत नाही. परिचारिकांना बाहेर जाण्याचा हुकूम होतो. बर्नी विरोध करतात, त्या राहू द्या म्हणतात. त्या गडबडीत दोघी पळून जातात, एक मात्र थांबते. आपल्या बहिणींपैकी एक जरी या वेळी जवळ असती तर, असा विचार येथे येतो. उपचारासाठी का होईना, पुरुषांच्या घोळक्यात एकट्या पडलेल्या स्त्रीचा हा एकाकीपणा या एका विचारात जसा उतरला आहे, तसा तो पानभर करुण वर्णनाने उतरला नसता.

द्युब्वा कठोरपणे हुकूम देत होते. तुम्हांला हे क्षुल्लकच वाटत असणार, अशा अर्थाचे काही बर्नी त्यांना बोलून जातात. द्युब्वा यांच्या हाती एक कागदाचा कपटा होता. उत्तर देता देता ते अडखळतात, आणि नकळत त्या कपट्याच्या चिंध्या चिंध्या करून टाकतात. कादंबरीकार बर्नी आपल्याला येथे भेटतात. स्वतःचा जीव टांगणीला लागलेला असताना त्यांची नजर समोरच्या माणसाच्या बोटांवर आहे, आणि त्या बोटांत तिला माणुसकी दिसते आहे.

चेहऱ्यावर तलम रुमाल टाकला जातो. रुमाल इतका पातळ की त्यातून सारे दिसते. खाटेभोवती उभी राहिलेली माणसे दिसतात, पाजळलेल्या पोलादाची चकाकी दिसते. काही मिनिटे सर्वत्र शांतता. मग द्युब्वा यांचे बोट हवेत उंचावते आणि वरून खाली एक सरळ रेघ काढते, मग क्रॉस, मग वर्तुळ. सबंध स्तन काढावयाचा, हा त्याचा अर्थ. येथवर थोडाच भाग काढतील अशी त्यांची आशा होती. क्रॉसची ती खूण वाचताना ख्रिस्ती वाचकाच्या मनात काहीतरी हलल्यावाचून राहात नाही. पण बर्नी तिचे प्रतीक करीत नाहीत. त्यांना ती जशी दिसली तशी, शल्यवैद्याची खूण म्हणून, त्या देतात. या संयमामुळेच ती आपल्याला विसरता येत नाही.

आणि याच ठिकाणी पत्रातील सर्वांत मोठा क्षण येतो. हा स्तन माझ्यासाठी कोण धरील, असे लारे खिन्न स्वरात विचारतात. रुमालाखालची, मूक, वस्तूप्रमाणे ठेवलेली ती स्त्री उठून बसते, रुमाल बाजूला करते आणि उत्तर देते की मी धरीन. आपला हात त्याखाली धरून ती आपल्या दुखण्याचे स्वरूप त्यांना समजावून सांगते. सातही जण निमूटपणे ऐकतात. मग तिला पुन्हा निजवितात, रुमाल पुन्हा पसरतात, आणि तेच बोट पुन्हा क्रॉस व वर्तुळ काढते. तिच्या बोलण्याने निर्णय बदलला नाही. ती डोळे मिटते आणि विरोध सोडते.

या प्रसंगाला काही वाचक स्त्रीच्या पराभवाचे चित्र समजतात, तर काही तिच्या विजयाचे. दोन्ही वाचने अपुरी वाटतात. आपल्या शरीराविषयी आपल्याला बोलू द्यावे एवढीच तिची मागणी होती, आणि तेवढी ती पुरी झाली. निर्णय वैद्यांचा होता आणि तो तिने मान्य केला. पण तो तिने ‘ऐकला गेलेला माणूस’ म्हणून मान्य केला. आजही रुग्ण आणि डॉक्टर यांच्या नात्यात ज्याची उणीव सर्वाधिक जाणवते ते हेच ऐकून घेणे नव्हे काय?

शस्त्रक्रियेचे वर्णन येथे तपशिलाने देण्याचे कारण नाही. पत्रात ते संपूर्ण आहे. शस्त्र छातीच्या हाडावर खरवडत असल्याची जाणीवही त्यात आहे. बर्नी किंचाळल्या. सबंध छेद संपेपर्यंत ती किंकाळी चालू होती, आणि ती आपल्या कानांत अजूनही घुमत कशी नाही याचे त्यांना नवल वाटते. वीस मिनिटे हे चालले होते. त्यांना वाटते त्याप्रमाणे त्या दोनदा बेशुद्ध पडल्या. एवढ्या यातनेत त्या जे थोडे बोलल्या ते ऐकून आपण थक्क होतो. समोरच्या वैद्यांना उद्देशून त्या म्हणाल्या की मला तुमची दया येते. शेवटी खाटेवरून उचलून नेत असताना डोळे उघडले तेव्हा लारे त्यांना दिसले, त्यांच्याइतकेच पांढरेफटक, चेहऱ्यावर रक्ताचे ओघळ, आणि मुद्रेवर दुःख व भीती.

या पत्रासोबत आणखी एक कागद उपलब्ध आहे. शस्त्रक्रियेला हजर असलेल्या एका विद्यार्थ्याने फ्रेंचमध्ये लिहिलेला तो वैद्यकीय अहवाल आहे. शस्त्रक्रिया दुपारी पावणेचार वाजता झाली, ती अतिशय वेदनामय होती आणि रुग्णेने ती मोठ्या धैर्याने सोसली, असे त्यात म्हटले आहे. अहवाल खोटा नाही, परंतु तो आणि पत्र शेजारी ठेवून वाचले की ‘धैर्य’ या शब्दात काय मावत नाही ते कळते. अहवालातल्या धैर्यात किंकाळी नाही, संताप नाही, पळालेल्या परिचारिका नाहीत, हवेतले बोट नाही. आपणही आपल्या घरातील रुग्ण स्त्रीला ‘किती धीराची आहे’ म्हणून गौरवितो. ती स्तुती प्रामाणिक असते. पण पुष्कळदा तिच्या आड तिचे बोलणे संपवून टाकण्याची सोयही असते. धीराच्या बाईने आणखी काय बोलायचे?

वेदनेचे धार्मिक स्पष्टीकरण या पत्रात शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. भाविक वाचकाला ती उणीव वाटण्याचा संभव आहे. परंतु पवित्र शास्त्रानेच आक्रोशाला केवढी जागा दिली आहे हे आठवावे. ईयोबाचा ग्रंथ आणि स्तोत्रसंहितेतील विलापाची स्तोत्रे हा प्रार्थनेचाच भाग आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखावर जे प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले, त्यातही ईयोबाच्या उदाहरणाने, प्रत्येक दुःख हे पापाची शिक्षा होय ही समजूत नाकारली आहे; आणि त्याचा शेवट चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यापाशी होतो. दुःखिताजवळ थांबणे हे त्याचे सार. जी एक परिचारिका पळाली नाही, ती या पत्रातील शोमरोनी होय, असे मला वाटते. तिचा मोबदला दोन शब्दांच्या उल्लेखापलीकडे नाही. पण ती थांबली हे आपल्याला दोनशे वर्षांनी ठाऊक आहे.

आता लेखनप्रक्रियेकडे वळू. शस्त्रक्रिया सप्टेंबर १८११ मधील. पत्राला आरंभ मार्च १८१२ मध्ये झाला आणि ते पुरे व्हायला जून उजाडला. कितीतरी महिने या विषयी बोलणे म्हणजे पुन्हा त्या खाटेवर चढणे होते, असे बर्नी सांगतात. लिहून झाल्यावर ते पुन्हा वाचण्याचे वा दुरुस्त करण्याचे धाडस त्यांना झाले नाही. ज्या लेखिकेच्या कादंबऱ्यांवर, विशेषतः उत्तरकालीन कादंबऱ्यांवर, घडणसौष्ठवाच्या नादात भाषा जड झाल्याचा आक्षेप घेतला गेला, तिच्या हातून अपुनर्वाचित असे हे पत्र निर्माण व्हावे, हा वाङ्मयीन योगायोग चिंतनीय आहे. येथे वाक्ये मध्येच तुटतात, आडव्या रेघांनी पुढे सरकतात, इंग्रजीतून फ्रेंचमध्ये जातात आणि परततात. श्वास लागलेल्या माणसाचे हे बोलणे आहे. पण निवड मात्र कोठेही ढिली नाही. कोणता तपशील घ्यावा आणि कोणता सोडावा हे तीस-चाळीस वर्षे लिहिणाऱ्या हाताला आठवावे लागले नाही.

दार्ब्ले यांनी या पत्रात स्वतःच्या चार ओळी घातल्या आहेत, आणि त्यांतून जे कळते ते मनाला चटका लावणारे आहे. पत्रातले हे तपशील आपल्याला हे पत्र वाचेपर्यंत ठाऊक नव्हते, असे ते लिहितात. एका छपराखाली राहणाऱ्या, पत्नीची प्रत्येक आठी टिपणाऱ्या या प्रेमळ पतीपासूनही ती आठ-नऊ महिने गप्प होती. त्याला यातना होऊ नयेत म्हणून तिने त्याला त्या दिवशी दूर ठेवले, आणि त्याच कारणाने पुढेही काही सांगितले नाही. बहिणीला लिहिलेल्या पत्रातून अखेर ते पतीपर्यंत पोचले. प्रेमापोटी पाळलेले मौनही माणसांना किती एकटे करते, याचे याहून बोलके उदाहरण मी वाचलेले नाही.

पत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बर्नी नाट्यपूर्ण प्रसंग रचण्यात मुरलेल्या होत्या, आणि काही ठिकाणी त्या रचनेचा हात जाणवतो. प्रत्येक वैद्याला वाटून दिलेला स्वभाव आणि वेळेवर येणारी संवादवाक्ये ही कादंबरीची सवय आहे. दुसरे, युरोपातील उत्तम शल्यवैद्य लाभलेल्या स्त्रीची ही कथा आहे. त्याच वर्षी पॅरिसच्या गरीब वस्तीत हाच रोग झालेल्या बाईची कथा कोणी लिहून ठेवली नाही. तिसरे, सूक्ष्मदर्शकाखाली गाठीची परीक्षा करण्याची पद्धत त्या काळी रूढ नसल्यामुळे ती गाठ खरोखर कर्करोगाची होती की नाही याबद्दल आजचे काही अभ्यासक साशंक आहेत. बर्नी यानंतर अठ्ठावीस वर्षे जगल्या. १८१४ साली त्यांची शेवटची कादंबरी प्रसिद्ध झाली. पती १८१८ साली आणि एकुलता मुलगा १८३७ साली गेला. त्या स्वतः ६ जानेवारी १८४० रोजी, सत्त्याऐंशी वर्षांच्या होऊन निवर्तल्या. निदान काहीही असो, त्यांनी सोसले ते आणि त्यांनी सांगितले ते, यांत त्या शंकेने उणे पडत नाही.

या पत्राचे वेगळेपण कळण्यासाठी विसाव्या शतकातील दोन पुस्तकांशी त्याची तुलना उपयोगी पडते. अमेरिकन विचारवंत सुझन सोन्टाग यांना १९७५ साली स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, आणि १९७८ साली त्यांचे ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ हे पुस्तक आले. क्षयाला आणि कर्करोगाला समाजाने चिकटविलेल्या रूपकांचा त्यात कठोर समाचार आहे. रोग हा मनात दडपलेल्या भावनांचा परिणाम, ही समजूत रुग्णालाच दोषी ठरविते, असे त्या दाखवितात. परंतु त्या पुस्तकात स्वतःच्या आजाराविषयी त्या अवाक्षरही काढीत नाहीत. ‘मी’ पूर्णपणे बाजूला ठेवून त्यांनी विचार मांडला. बर्नी यांच्या अगदी उलट हा मार्ग. आणि दोन्ही मार्ग आवश्यक आहेत. ‘कर्क’ म्हणजे खेकडा. ग्रीकांनी दिलेले हे रूपक आपल्या भाषेतही रोगाच्या नावातच बसले आहे. नावाला इतके भ्यावे असे त्यात काही नाही, हे सोन्टाग यांचे पुस्तक वाचल्यावर पटते.

दुसरे पुस्तक ऑड्री लॉर्ड यांचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०). लॉर्ड या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय कवयित्री; आईवडील कॅरिबियन बेटांतून आलेले, बालपणीचे शिक्षण कॅथलिक शाळांत. पुढे त्या त्या वातावरणापासून दूर गेल्या. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री म्हणून उघडपणे जगल्या. त्यांची काही मते आपल्या वाचकांना परकी वाटतील. तथापि १९७८ साली एक स्तन गमावल्यानंतरचे त्यांचे अनुभव कोणत्याही स्त्रीला ओळखीचे वाटावेत असे आहेत. शस्त्रक्रियेनंतर एक स्वयंसेविका फिक्या गुलाबी रंगाचा कृत्रिम स्तन घेऊन भेटीला येते. तो लॉर्ड यांच्या कातडीच्या रंगाशी जुळत नाही. काही दिवसांनी त्या तो न लावता डॉक्टरांकडे जातात, तेव्हा तेथील परिचारिका सांगते की असे येण्याने इतरांचे मनोधैर्य खचते. इस्राएलचे सेनानी मोशे दायान एका डोळ्यावर पट्टी बांधून वावरतात, त्यांना कोणी काचेचा डोळा बसवायला सांगत नाही, असा सडेतोड मुद्दा लॉर्ड मांडतात. बर्नी यांना शस्त्रक्रियेपूर्वी बोलायचे होते, लॉर्ड यांना नंतर. जे घडले ते घडलेच नाही असे भासविण्याचा जो आग्रह समाज धरतो, त्याला त्यांचा नकार होता. त्या यानंतर चौदा वर्षे जगल्या आणि १९९२ साली गेल्या. प्रत्येक स्त्रीने कृत्रिम स्तन नाकारावा असे या पुस्तकाचे तात्पर्य नव्हे. निवड तिची असावी आणि ती लाजेपोटी केलेली नसावी, एवढे मात्र आहे.

आपल्या परंपरेत या विषयाला जागाच नाही असे म्हणता येणार नाही. तिसऱ्या शतकात सिसिली बेटावर हौतात्म्य पत्करलेल्या संत अगाथेचे स्तन छळकर्त्यांनी कापले, अशी तिची कथा आहे. ५ फेब्रुवारीला तिचा सण येतो, मिस्साच्या पहिल्या युखरिस्त प्रार्थनेत तिचे नाव आहे, आणि स्तनाच्या रोगाने ग्रस्त स्त्रिया तिच्या मध्यस्थीची याचना करतात. थोर चित्रकारांनी तिला तबकात आपले स्तन घेऊन उभी असलेली रंगविले. पूर्वजांना जे वेदीवर लावायला संकोच वाटला नाही, ते आपल्याला घरात बोलायला वाटतो, ही विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. मराठीत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. आपले अज्ञान, भीती, फजिती आणि दुःख एका ख्रिस्ती स्त्रीने इतक्या सरळपणे सांगावे, आणि मराठीने ते डोक्यावर घ्यावे, हे येथे एकदा घडले आहे. तो सरळपणा शरीराच्या दुखण्यापर्यंत यावा, एवढेच बाकी आहे.

आणि हा केवळ वाङ्मयाचा प्रश्न नाही. भारतातील स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी १९९८ पासून शहरातील वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन एक दीर्घ पाहणी केली. निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केली. यंत्र नाही, छायाचित्र नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. तरुण स्त्रियांत मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तपासणारा हात शिकलेल्या बाईचा असावा आणि तपासून घेणारीने संकोच सोडावा, एवढ्यावर हे घडले. जी नावड जिंकता आली नाही म्हणून बर्नी यांनी महिने घालविले, ती नावड आजही तेवढीच महाग पडते.

बर्नी यांचे हे पत्र जॉइस हेमलो यांनी संपादिलेल्या त्यांच्या रोजनिशी व पत्रांच्या सहाव्या खंडात १९७५ साली छापले गेले. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी ते मुळातून वाचावे. एका बैठकीत वाचवत नसेल तर थांबून थांबून वाचावे, लिहिणारीलाही तीन महिने लागले होते. कोणी जाणकाराने त्याचे मराठी भाषांतर केले तर ते धर्मग्रामातील महिला मंडळांत मोठ्याने वाचण्याजोगे ठरेल. वाचन संपल्यावर जी शांतता पसरेल, ती आपल्यापैकी एखादी बाई मोडील आणि म्हणेल की मलाही गाठ लागते आहे, कोणाला दाखवू? भाच्यांसाठी म्हणून लिहिलेले ते पत्र त्या दिवशी आपल्या पत्त्यावर पोचेल.